हिवाळ्यात घरात ठेवलेल्या छोट्या कोंबड्या : खुराडं, ऊब आणि मुख्य म्हणजे उजेड

तळघरातलं_खुराडं (मिनेसोटा)

नोव्हेंबर उजाडला की इथल्या कोंबड्या पाळणाऱ्यांत एकच वाद पेटतो : हीट लॅम्प लावायचा की नाही. मोठ्या जातींपुरता तो वाद माझ्या मते निकालात निघाला आहे. प्लिमथ रॉक, वायनडॉट अशा भरदार कोंबड्या कोरड्या, वारा न शिरणाऱ्या खुराड्यात उणे वीसमध्येही दिव्याशिवाय राहतात. पिसं फुलवतात, पाय पोटाखाली घेतात, एकमेकींना खेटून बसतात, झालं.

छोट्या जातींचं तसं नाही. अंग जितकं लहान तितकी उष्णता झपाट्याने निघून जाते, कारण वजनाच्या मानाने कातडी जास्त. माझ्याकडे सेरामा आहेत. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी : ही जगातली सगळ्यात लहान कोंबडीची जात, मूळची मलेशियाच्या केलांतान राज्यातली. नर अर्ध्या किलोच्या आत, मादी त्याहून हलकी. छाती पुढे, शेपटी उभी, पंख जमिनीकडे सरळ सोडलेले, असा नर उभा राहिला की बघत राहावं. पाच अंडी फोडली तर बाजारातल्या एका मोठ्या अंड्याएवढा ऐवज निघतो. या पाखरांना इथला जानेवारी बाहेर काढायला लावणं हा छळ आहे, म्हणून ऑक्टोबर संपता संपता त्या तळघरात येतात. शिवाय दोन कोचीन बँटम (बँटम म्हणजे छोट्या चणीच्या कोंबड्या) आहेत, पायांवर झुपकेदार पिसं असलेल्या. त्या गॅरेजमध्ये राहतात.

नव्याने पाळणारे बरेच जण खासगी निरोप पाठवून विचारतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहिते.

जागा : बाहेर हिंडणाऱ्या बँटमला रात्रीपुरते दोन चौरस फूट पुरतात. पण महिनोन्‌महिने आतच राहायचं असेल तर दर पाखरामागे चार चौरस फूट तरी हवेत, नाहीतर चोची मारणं सुरू होतं. सेरामांसाठी दोन मोठे तारेचे क्रेट जोडून आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद घर केलं आहे. तळाला लिनोलियमचा तुकडा, कडा चार-चार इंच वर वळवलेल्या, म्हणजे भुसा खोलीभर उडत नाही. बसायला दांडा गोल, एक इंच जाडीचा आणि जमिनीपासून फूटभरच वर. बँटमना उंच चढायची हौस असते, पण आत उडी मारायला जागा कमी आणि तळ कडक. तळपायाला एकदा मार बसला की गाठ होते आणि ती लवकर बरी होत नाही. कोचीनसाठी दांडा आणखी खाली, जेमतेम वीतभर उंचीवर.

दांड्याखाली ट्रे. रात्रीची सगळी शीट तिथेच पडते. सकाळी चहाआधी तो ट्रे खरवडून काढला की अर्धं काम संपलं. ताज्या शीटेत तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि ते खोलीत राहिलं तर काचेवर, भिंतीवर, शेवटी पाखरांच्या छातीत जातं. अंथरायला पाइनचा भुसा वापरते. सीडरचा वापरू नका, त्यातल्या वासाच्या तेलाने श्वासनलिकेला त्रास होतो. बाहेरच्या खुराड्यात गादी पद्धत (भुशाचा थरावर थर साठू देणं) उत्तम चालते, पण घरात जाड गादी साठवू नका. पातळ थर आणि वरचेवर बदल.

ऊब : सेरामांना सोळा-सतरा अंश पुरतात, तळघर एरवीही तेवढं असतं. गॅरेज पाच अंशांच्या आसपास राहतं, कोचीनला ते मानवतं. दोन्हीकडे लॅम्प नाही. उबेपेक्षा मला कोरडी हवा मोलाची वाटते. तुरा काळा पडतो तो बहुतेक वेळा दमट थंडीने.

उजेड : खरा गोंधळ इथे आहे. २१ डिसेंबरला आमच्याकडे दिवस पावणेनऊ तासांचा असतो. सूर्य पावणेआठला उगवून साडेचारला मावळतो. त्यात तळघराला एकच चिंचोळी खिडकी. सध्या टायमरवर पिवळट रंगाचा पाच वॅटचा एलईडी आहे, पहाटे सहाला लागतो आणि संध्याकाळी सहाला विझतो. बारा तास. इथले बरेच जण अंडी चालू राहावीत म्हणून चौदा ते सोळा तास द्या म्हणतात. मला तेवढे द्यावेसे वाटत नाहीत. तुम्ही काय करता?


निफाडचा_गारठा

ताई, छान धागा. सेरामा पहिल्यांदाच ऐकल्या, फोटो शोधून बघितले. नराचा रुबाब भारी आहे.

आमच्याकडे मोठ्या कोंबड्यांना उजेडाची फारशी अडचण येत नाही. थंडी मात्र असते. निफाडला पारा पाच-सहावर येतो आणि त्याच दिवसांत गावरान पिल्लांची बॅच असली तर रात्री झोप नसते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब द्यायच्या छत्रीखाली) ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं. हिवाळ्यात पिल्लामागे दोन वॅट धरून बल्ब लावतो. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असली तर ऊब कमी पडते. चिकगार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) कडेला जाऊन, चोच उघडी ठेवून बसली तर जास्त होते. सगळी एकाच बाजूला सरकली असली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, पडदा बघा. नीट पसरून, दाणा टिपत, काही पाय ताणून झोपलेली असली की बिनघोर घरी जावं.

पडद्याचं मुद्दाम सांगतो. नवीन पोरं थंडीला घाबरून पडदा वरपर्यंत गच्च बांधतात. सकाळी शेडमध्ये गेलं की डोळ्याला झोंबतं. पडदा खालून वर चढवायचा आणि वरचा फूटभर भाग उघडा ठेवायचा. कोंदट हवा वरून निघून जाते, पिल्लाच्या अंगावर वारा येत नाही. तुमच्या तळघरात हवा जायची सोय काय आहे?


तळघरातलं_खुराडं

दादा, पिल्लांची खूण अगदी मोलाची सांगितलीत. मोठ्या पाखरांनाही ती बऱ्यापैकी लागू पडते. माझ्या सेरामा रात्री दांड्यावर मध्ये अंतर सोडून बसल्या तर समजते की ऊब पुरेशी आहे.

हवेसाठी खिडकीच्या वरच्या बाजूला छोटा एक्झॉस्ट फॅन बसवला आहे. दुपारी थोडा वेळ चालवते. इथल्या घरांत हीटिंगची भट्टी बहुतेक तळघरातच असते आणि ती खोलीतली हवा ओढून घरभर फिरवते. कोंबड्या त्या भट्टीच्या खोलीत ठेवल्या तर पिसांची धूळ वरच्या झोपायच्या खोल्यांत पोचते. म्हणून कोंबड्यांची खोली वेगळी, तिचं दार बंद, आणि हवा परत ओढणारी जाळी त्या खोलीत नसलेली.


लेस्टरकर

आमच्याकडे कोंबड्या आत ठेवणं हौसेपुरतं राहिलं नाही, काही हिवाळे ते सक्तीचं होतं. बर्ड फ्लूमुळे ७ नोव्हेंबर २०२२पासून एप्रिल २०२३पर्यंत इंग्लंडभर सगळे पाळीव पक्षी बंदिस्त ठेवायचा हुकूम होता. परसात दोन कोंबड्या असल्या तरी तोच नियम. आणि १ ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंदवावी लागते. इथले मराठी लोक हे वाचत असतील तर नोंदणी करून टाका, फुकट आहे.

आमच्या पेकिन बँटम (अमेरिकेत ज्यांना कोचीन बँटम म्हणतात, साधारण तीच) बागेतल्या लाकडी शेडमध्ये होत्या. आधी वाटलं थंडीचा त्रास होईल. थंडीने काही केलं नाही, कंटाळ्याने केलं. एकीने दुसरीच्या शेपटीची पिसं उपटून खायला सुरुवात केली. तेव्हा तीन गोष्टींनी फरक पडला. एक, कोबीचा आख्खा गड्डा दोरीने टांगला, चोचीच्या उंचीपेक्षा थोडा वर. दोन, मातीत लोळायला पेटी : प्लॅस्टिकचा खोल टब, त्यात कोरडी वाळू, कोरडी माती आणि लाकडाची चाळलेली राख. पावसाळी हवेत कोरडी माती मिळत नाही, ती सप्टेंबरातच पोत्यात भरून ठेवावी लागते. तीन, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचा : शेडमधला पांढराशुभ्र ट्यूबलाइट काढून टाकला. लख्ख उजेडात कोंबड्यांना एकमेकींच्या अंगावरचं प्रत्येक नवं पीस, प्रत्येक लाल ठिपका दिसतो आणि चोच तिकडेच जाते. मंद, पिवळट दिवा लावल्यावर भांडणं आठवड्याभरात ओसरली.

पायांवर पिसं असलेल्यांचं रोज बघावं लागतं. ओल्या भुशाचे आणि शीटेचे गोळे पिसांना चिकटून दगडासारखे होतात. ओढून काढायचे नाहीत, रक्त येतं. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, गोळा आपसूक सुटतो. मग टॉवेलने पूर्ण कोरडं करूनच परत सोडायचं.


पशुवैद्य_परभणी

धागा आवडला. आमच्या जिल्ह्यात जानेवारी २०२१मध्ये मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे लेस्टरकरांनी लिहिलेल्या बंदिस्तपणाचं महत्त्व इथे नव्याने सांगायला लागत नाही. जंगली पक्ष्यांची शीट आणि आपल्या पाखरांचं दाणा-पाणी एकत्र येऊ न देणं, एवढं पाळलं तरी बराच धोका टळतो. बाहेरच्या चपला कोंबड्यांच्या खोलीत नकोत.

आता उजेड. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपलेला प्रकाश मेंदूच्या खोल भागातल्या पेशी टिपतात, आणि लाल-नारिंगी प्रकाश हाडातून जास्त आत जातो. तिथून पुढे संप्रेरकांची साखळी सुरू होऊन अंडाशयाला हुकूम जातो. म्हणून पिवळट दिवा अंड्यांसाठी उपयोगी पडतो आणि निळसर पांढऱ्याची गरज नसते. दिवस बारा तासांखाली गेला की बहुतेक जातींचं अंडं मंदावतं, चौदा तासांच्या वर गेला की जोरात येतं. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, त्यामुळे आपल्या गावरान कोंबड्यांना मिनेसोटा-लेस्टरसारखा खड्डा लागत नाही.

तीव्रता किती? दहा ते वीस लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र धरून जेमतेम वाचता आलं की झालं. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप आहेत, अंदाजाला चालतात.

दोन नियम पोल्ट्रीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात, ते घरातही लागू आहेत. वाढत्या तलंगांना (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांना) वाढता दिवस देऊ नका. अंग भरायच्या आत अंडं सुरू होतं आणि अंडनलिका बाहेर येण्यापर्यंत प्रकरण जातं. आणि अंडी देणाऱ्या कोंबडीचा दिवस अचानक कमी करू नका. टायमर बिघडून दोन-चार दिवस अंधार झाला तरी पिसं झडायला लागतात, तेही ऐन थंडीत.

घरातल्या पाखरांसाठी एक धोका फार जणांना माहीत नसतो, तो ठळकपणे लिहितो. नॉनस्टिक तवा रिकामा राहून जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. माणसाला वासही येत नाही. काही हीट बल्बवर, न फुटणारा म्हणून विकतात त्यांवर, तसलाच लेप असतो. डब्यावर वाचून घ्या. शंका असेल तर घेऊ नका.

आणि अमोनिया : आपण उभ्याने वास घेऊन ठरवतो. गुडघ्यावर बसा, डोकं कोंबडीच्या उंचीला न्या. तिथे वास आला तर आधीच उशीर झालेला आहे.


पुणे_चौथा_मजला

मी या सगळ्यात नवखी आहे. मैत्रिणीने परदेशी जाताना तिची सिल्की जातीच्या कोंबड्यांची जोडी माझ्याकडे दिली. आमच्या इमारतीत सगळ्यांची परवानगी घेतली आहे. गॅलरीत दिवसभर असतात, पण डिसेंबरात पहाटे गार वारं सुटतं आणि मांजरंही येतात, म्हणून रात्री पिंजरा हॉलमध्ये घेते. तो टीव्हीच्या शेजारी असतो. आमच्याकडे टीव्ही साडेअकरापर्यंत चालू. मादी गेल्या महिन्यापासून जवळपास रोज अंडं देते, मला आनंदच होत होता. पण हल्ली अंड्याचं कवच बोटाने दबतं. धागा वाचल्यावर वाटतंय की उजेडाशी संबंध असावा. आणि सिल्कीला थंडी जास्त लागते का?


पशुवैद्य_परभणी

ताई, संबंध आहे. तुमच्या मादीचा दिवस पहाटे सहाला सुरू होऊन रात्री साडेअकराला संपतो, म्हणजे सतरा तासांच्या वर. पुण्याच्या जूनमध्येही एवढा मोठा दिवस नसतो. तिचं शरीर भर उन्हाळा समजून अंडी देतं आहे आणि कवचासाठी लागणारा चुना स्वतःच्या हाडांतून काढतं आहे. लहान पाखरात तो साठा लवकर संपतो. मग मऊ कवच, त्यापुढे अंडं अडकणं. अडकलं तर शेपटी खाली टाकून, पिसं फुलवून एका जागी बसते, जोर करते. तसं दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

आजपासून पिंजरा टीव्हीच्या खोलीतून काढा. दुसरी खोली नसेल तर ठरलेल्या वेळी जाड गडद कापडाने झाका, मागची बाजू थोडी उघडी ठेवून. एकदम पाच तास कमी न करता आठवड्याला अर्ध्या-पाऊण तासाने आणा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका. मादीला हवा तेवढा ती घेईल, नराला तो नकोच असतो. दाणा लेयरचा (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा) आहे ना, की नुसता तांदूळ-बाजरी? आणि एक, खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, काच ते किरण अडवते. रोज थोडा वेळ गॅलरीत थेट उन्हात असू द्या.

सिल्कीची पिसं कापसासारखी सुटी असतात. ओली झाली की अंगाला चिकटतात आणि ऊब जाते. पुण्याच्या कोरड्या थंडीने काही होत नाही, पावसाची झड आणि ओला तळ यांना जपा. त्यांना उडताही येत नाही, दांडा नको. कोपऱ्यात भुसा घालून द्या, तिथे दोघं मिळून बसतील.


पुणे_चौथा_मजला

डॉक्टर, मनापासून आभार. नुसती बाजरी आणि भाजीचे देठ चालले होते. आज लेयरचा दाणा आणला. पिंजरा आतल्या खोलीत हलवला आहे, सध्या रात्री अकराला दार बंद आणि दिवा बंद, पुढच्या आठवड्यात साडेदहा.


गुहागरची_पडवी

आमच्याकडे कोंबड्या रात्री घरातच असायच्या, आणि हौस म्हणून नाही. मुंगूस, रानमांजर, कधी अजगर. दिवेलागणीला आजी दाणे टाकून पडवीत बोलवायची, डालगं पालथं घालायची, वर गोणपाट आणि त्यावर पाटा. थंडीत डालगं चुलीच्या भिंतीला लावायची. ती भिंत मध्यरात्रीपर्यंत कोमट असे. गोणपाट टाकलं की आतली कुरकुर लगेच थांबायची, घरात कंदील रात्रभर असला तरी. पहाटे गोणपाट उचलेपर्यंत आरवणंही नाही, शेजारच्या घरचा कोंबडा ओरडून दमला तरी आमचा गप्प. खुडूक कोंबडी बसवायची असेल तरी तसाच काळोखा कोपरा, टोपलीत राख आणि पेंढा.

तळघरातल्या ताईंनी नराच्या आरवण्याबद्दल काही लिहिलं नाही. रात्री पूर्ण काळोख असतो का तिथे?


ओंटारियो_पांढरी_शेते

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्याकडे बँटम बाहेरच्या खुराड्यात आहेत, ओल्ड इंग्लिश गेम जातीच्या आणि काही वायनडॉट बँटम. दिवा अजिबात लावत नाही. निसर्गाने हिवाळा विश्रांतीला दिला आहे. पिसं नव्याने यायला प्रथिनं लागतात, पीस म्हणजे बहुतेक प्रथिनच. त्याच वेळी अंड्याचा भार टाकणं मला पटत नाही. कोंबडी ठरावीक बीजांडं घेऊन जन्माला येते, ती लवकर संपवायची घाई कशाला? ज्यांना घरच्या अंड्यांशिवाय चालत नाही त्यांनी हिवाळ्यात दुकानातून आणावीत. पाखराला आराम मिळू द्या.


पशुवैद्य_परभणी

विश्रांतीचा मुद्दा योग्य आहे. बीजांडांचा नाही. कोंबडीच्या अंडाशयात हजारो बीजांडं असतात आणि आयुष्यभर भरपूर अंडी दिली तरी त्यातला थोडाच भाग वापरला जातो. ती संपतात म्हणून अंडं थांबत नाही. झीज होते ती हाडांची आणि अंडनलिकेची. तुमचा निष्कर्ष चांगला आहे, कारण दुसरं आहे.


तळघरातलं_खुराडं

ओंटारियोकर, राग कसला. तुमच्या जातींसाठी तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या कोचीनना मीही दिवा लावत नाही. गॅरेजच्या खिडकीतून येईल तेवढाच उजेड. नोव्हेंबरात पिसं झडली, आता नवी येताहेत, अंडी फेब्रुवारीत बघू. त्यांचे पूर्वज चीनमधले, ऋतूंची मोठी चढउतार पाहिलेले. त्यांच्या अंगात हिवाळ्याची जाण आहे.

सेरामांचं घर केलांतान. विषुववृत्तापासून पाच-सहा अंश उत्तरेला. तिथे डिसेंबर काय आणि जून काय, दिवस बारा तासांच्या आगेमागेच. या जातीला वर्षातून एकदा भराभर पिसं टाकायची सवयही नाही, वर्षभर थोडी थोडी झडत राहतात. अशा पाखराला पावणेनऊ तासांचा दिवस देणं ही विश्रांती होत नाही, तिच्या रक्ताला ओळखीचा नसलेला काळोख होतो. आणि सोळा तास देणं तर तिच्या कुठल्याच पिढीने न पाहिलेला दिवस. म्हणून बारा. हे माझं उत्तर मला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचताना पक्कं झालं : किती तास हा प्रश्न जात विचारल्याशिवाय सुटत नाही. इथल्या पुस्तिकांमधले चौदा-सोळा तास अंड्यांच्या धंद्यासाठी काढलेले आहेत. घरात चार पाखरं सांभाळणाऱ्याने ते डोळे मिटून घेऊ नयेत.

गुहागरची पडवी, तुमच्या आजीचं गोणपाट वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे रात्री पूर्ण काळोख असतो. वॉशिंग मशीनचा हिरवा ठिपकासुद्धा काळ्या टेपने झाकला आहे. नर पहाटे दिवा लागला की आरवतो, त्याआधी नाही. आवाज बारीक आहे, वरच्या मजल्यावर जेमतेम येतो.


वायरमन_सांगली

थोडं माझ्या धंद्यातलं. कोंबड्यांच्या जागेत वायरिंग तीन कारणांनी बिघडतं : धूळ, ओल आणि चोच. २५० वॅटचा लाल हीट लॅम्प क्लिपवर टांगलेला असतो, क्लिप कधीतरी निसटते, खाली कोरडा भुसा. तिकडे त्यातून आगी लागतात हे मी वाचलं आहे आणि आश्चर्य वाटत नाही. ऊब द्यायचीच असेल तर खालून उष्णता सोडणारी सपाट प्लेट मिळते, पिल्लांची आणि मोठ्यांची वेगळी. ती घ्या. लॅम्प टांगायचाच असेल तर क्लिपवर भिस्त नको, साखळी आणि ती बांधलेला वेगळा हूक असे दोन आधार हवेत.

एलईडीसुद्धा बघून घ्या. स्वस्त एलईडी वीजप्रवाहाच्या दुप्पट वेगाने लुकलुकतो. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण कोंबडीचा डोळा आपल्यापेक्षा जास्त वेगाची लुकलुक पकडतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला.

होल्डर बंद काचेचा, धूळ आत न जाणारा. वायर पिंजऱ्याच्या बाहेरून. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडू नका. टायमर जुन्या काट्याचा असेल तर वीज गेल्यावर मागे पडतो, बॅटरीवाला घ्या. आणि दिवा एकदम विझतो त्याचं काय करता? पाखरं खालीच राहिली तर?


तळघरातलं_खुराडं

हा प्रश्न फार महत्त्वाचा, धाग्यात यायला हवाच होता. एकदम अंधार झाला की कोंबडी जिथे असेल तिथेच खिळते, तिला अंधारात काहीच दिसत नाही. म्हणून दोन दिवे. मोठा साडेपाचला विझतो, दांड्याजवळचा अगदी मंद सहापर्यंत राहतो. त्या अर्ध्या तासात एकेक करून सगळी दांड्यावर चढतात. ज्यांना खिडकीचा उजेड मिळतो त्यांनी जादा तास पहाटेच द्यावेत आणि संध्याकाळ सूर्यावर सोडावी, म्हणजे दुसरा दिवा लागतच नाही.

कॅमेऱ्याची युक्ती लगेच करून बघितली. खिडकीकडचा दिवा ठीक आहे, दांड्याजवळचा पट्टे दाखवतो. उद्या बदलते.


निफाडचा_गारठा

ताई, गॅरेजमध्ये कोचीन आहेत म्हणालात. गाडीही तिथेच असते का? आमच्या शेडमध्ये एकदा जनरेटरचा धूर भरला होता. माणसाच्या आधी पिल्लं माना टाकायला लागली.


तळघरातलं_खुराडं

गाडी हिवाळाभर बाहेर अंगणात असते. त्यासाठी रोज बर्फ खरवडावं लागलं तरी चालेल. ज्यांच्या गॅरेजला घराचं दार आहे त्यांनी तर आत इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये, दार उघडं असलं तरी. पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने हवा घेतात, विषारी वायूही तेवढ्याच वेगाने. दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत.

आणि माणसांच्या फुप्फुसांचंही लिहिते. कबुतरं, कोंबड्या, पोपट यांच्या धुळीने काही जणांना फुप्फुसाचा आजार जडतो, सुरुवातीला नुसता खोकला आणि दम वाटतो. भुसा बदलताना मी मास्क घालते आणि खोलीत हवा गाळायचं यंत्र ठेवलं आहे. मुलांनी पाखरं हाताळली की साबणाने हात धुणं, आणि पाखराला तोंडाजवळ न घेणं, यावर आमच्याकडे सवलत नाही.


लेस्टरकर

बाहेर कधी काढता? आमच्याकडे हुकूम उठल्यावर एकाने शेडमधल्या सगळ्या एकदम मोकळ्या सोडल्या. रात्री गारपीट झाली आणि दोन गेल्या.


तळघरातलं_खुराडं

वसंतात घाई होते खरी. सेरामांना मी दिवसाच्या हिशोबाने आणि पाऱ्याच्या हिशोबाने असं दुहेरी बघते. २० मार्चच्या आसपास बाहेरचा दिवसही बारा तासांचा होतो, त्यामुळे तोवर उजेडात फरक करावा लागत नाही. पण पारा तेव्हा इथे शून्याजवळच असतो. म्हणून त्यानंतर खिडकी कापडाने झाकते आणि एप्रिलभर ते हळूहळू जास्त वेळ काढून ठेवते, म्हणजे दिवस बाहेरच्याबरोबर वाढत जातो. मग त्या गॅरेजमध्ये, कोचीनच्या शेजारी पण जाळीपलीकडे, निदान दोन आठवडे. घरातल्या उबेत अंगावरची लव कमी झालेली असते, ती परत भरायला वेळ लागतो. रात्रीचा पारा सलग दहाच्या वर राहिला की दुपारी बाहेर, संध्याकाळी आत. रात्री बाहेर ठेवणं जूनच्या आधी नाही.

कोचीन मात्र मार्चअखेर दिवसा अंगणात असतात, बर्फ पूर्ण वितळून चिखल सुकला की. त्यांच्या पायांसाठी चिखल हा थंडीपेक्षा वाईट.